प्राथमिक शाळा जोखताना

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्याजवळ बसून जे काही बोलतात, त्यात अलीकडे एक प्रश्न हटकून निघतो: पोराला यंदा कोणत्या शाळेत घालायचे? शाळा उघडायला तेव्हा महिना-दीड महिनाच उरलेला असतो. तालुक्याच्या गावातील शाळांचे फलक बसस्थानकाबाहेर झळकू लागलेले असतात आणि गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक पटनोंदणीसाठी उन्हातान्हात घरोघर फिरत असतात. खान्देशातल्या, जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत मी तेहतीस वर्षे प्राथमिक शाळांमध्ये काम केले, त्यांतली बहुतेक वर्षे वर्गशिक्षिका म्हणून आणि शेवटची काही आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी केंद्रप्रमुख म्हणून. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो आणि विचारणारीला एका वाक्यात उत्तर हवे असते. ते देता येत नाही, कारण या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. शाळा आपले काम नीट करते का, हा पहिला. आणि ती शाळा या एका मुलाला मानवेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गावाने मिळून शोधावे लागते, दुसऱ्याचे घरी मुलाला समोर ठेवून. या दोहोंची सरमिसळ झाली की चांगल्या शाळेत घातलेले मूल कोमेजते आणि साध्या शाळेत फुलू शकले असते असे मूल रोज वीस किलोमीटर गाडीत डुलक्या घेत जाते.

आधी पहिला प्रश्न घेऊ. शाळेविषयी सर्वांना पाहता येईल अशी माहिती कुठे असते, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. देशातील प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकांचा एक यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीनोंदीतला ओळखक्रमांक, असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढचे दोन जिल्ह्याचे असतात. आपल्याकडे नंदुरबारच्या शाळांचा क्रमांक 2701 ने, धुळ्याच्या शाळांचा 2702 ने आणि जळगावच्या शाळांचा 2703 ने सुरू होतो. हा क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर असतो आणि त्यावरून यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर शाळेचे प्रपत्र पाहता येते: पट किती, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, वीज, पाणी, मुलींचे शौचालय, ग्रंथालय, चाकाच्या खुर्चीसाठी उतरता रस्ता (रॅम्प). तालुक्याच्या गावात नव्याने निघालेल्या एखाद्या इंग्रजी शाळेला हा क्रमांकच नसेल, तर चौकशी तिथेच थांबवावी, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मान्यतेशिवाय शाळा चालवताच येत नाही.

मात्र हे प्रपत्र शाळेने स्वतः भरलेले असते, हे विसरू नये. त्यात वस्तू आहे की नाही एवढे कळते. ती वापरात आहे का, हे कळत नाही. शाळासिद्धी नावाचा जो राष्ट्रीय मूल्यांकन कार्यक्रम आहे, त्यात शाळेचे काम सात क्षेत्रांत विभागलेले आहे आणि सुविधांच्या क्षेत्रात प्रत्येक गोष्टीची उपलब्धता व पर्याप्तता यांबरोबर उपयुक्तताही तपासायला सांगितली आहे. हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण शाळेत पाऊल ठेवले की तो डोळ्यांत भरतो. मुलींचे शौचालय बांधलेले असते आणि त्याची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते. पाण्याची टाकी असते, पण मार्चपासून ती कोरडी असते, आणि आपल्याकडे मार्च म्हणजे उन्हाळाच. ग्रंथालयाची पुस्तके लोखंडी कपाटात प्लास्टिकसह जशीच्या तशी असतात. पुस्तकांच्या कडा मळलेल्या, पाने दुमडलेली आणि पाठपुठ्ठा चिकटपट्टीने जोडलेला दिसला, तर त्या शाळेविषयी माझे मत लगेच बरे होते. संगणक किती आहेत हे विचारण्यापेक्षा मागच्या आठवड्यात कोणत्या वर्गाने तो वापरला, हे मुलांनाच विचारावे. मुले लपवत नाहीत.

निकालाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण सर्वांत जास्त फसगत तिथे होते. पहिली ते चौथीच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर पुढच्या वर्गात गेल्याची नोंद असते, तिचा मूल शिकले की नाही याच्याशी थेट संबंध नसतो. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्याला बंदी घातली. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाल्यावर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, पण त्याखालचे वर्ग सर्वांनाच ओलांडता येतात. तेव्हा प्राथमिक शाळेचा ‘शंभर टक्के निकाल’ हा शब्दप्रयोगच फोल आहे. मग श्रेणी पाहाव्यात का? राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली, तिच्यात पहिली-दुसरीसाठी शंभरपैकी 70 गुण आकारिक मूल्यमापनाला आणि 30 संकलित मूल्यमापनाला ठेवले गेले. तिसरी-चौथीसाठी हेच प्रमाण 60 आणि 40 असे. आकारिक म्हणजे वर्षभर शिक्षक जे पाहतो, ऐकतो, करून घेतो त्यावरून दिलेले गुण. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. म्हणजे लहान वर्गांतील श्रेणी बहुतांशी शिक्षकाच्या नजरेवर अवलंबून असते. ही नजर लक्षपूर्वक असेल तर त्या श्रेणीइतके खरे दुसरे काही नाही, आणि ती उडती असेल तर त्या श्रेणीला काही अर्थ उरत नाही.

ती नजर कशी आहे हे ओळखण्याची एक जागा आहे: मूल्यमापन नोंदवहीतील वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने दोन-चार ओळी लिहायच्या असतात. बाजारात अशा तयार नोंदींच्या पुस्तिका मिळतात आणि त्यांतल्या ओळी उतरवल्या जातात: ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘उपक्रमात उत्साहाने सहभाग घेतो’. एका वहीत अडतीस मुलांपुढे आलटूनपालटून अशा पाचच ओळी दिसल्या, तर त्या अडतीस मुलांकडे कोणीही नीट पाहिलेले नाही. याउलट ‘ड आणि इ यांत गोंधळ, ऑगस्टअखेर सुधारला’ किंवा ‘तोंडी हिशेब चटकन, लिहिताना एकक-दशक उलट मांडतो’ अशी ओळ दिसली, की समजावे या वर्गात मुलाला ओळखणारे माणूस आहे. पालक म्हणून सगळ्या वर्गाची वही मागता येणार नाही, पण आपल्या मुलाची नोंद पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे आणि ती मागितल्यावर शिक्षकाने वही न उघडताच मुलाविषयी बोलायला सुरुवात केली, तर तेही एक उत्तरच आहे.

माझ्या स्वतःच्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगते. नवी मूल्यमापन पद्धत येऊन थोडेच दिवस झाले होते. तिसरीच्या वर्गात एक मुलगा घडाघडा वाचत असे. त्याला मी अ-1, म्हणजे सर्वांत वरची, श्रेणी दिली होती. शेजारच्या रांगेतील एक मुलगी अक्षर-अक्षर जोडत वाचायची, मध्येच थांबायची, पुन्हा मागे यायची, तिला क-1. एके दिवशी दोघांनी आधी पाहिलेला नव्हता असा एक उतारा मी फळ्यावर लिहिला: विहिरीत पडलेल्या बकरीच्या पिलाचा, आठ-दहा ओळींचा. मुलगा दुसऱ्याच ओळीवर अडकला आणि मग ओठांतल्या ओठांत पुस्तकातला पाठ असलेला धडा म्हणू लागला. मुलीने नेहमीसारखेच अडखळत शेवटपर्यंत वाचले. मी विचारले, पिलाचे काय झाले? ती अहिराणीत म्हणाली, ‘‘पिलू बुडनं नही. त्याले बादलीमा बसाडीसन वर काढं.’’ उताऱ्यात बादली हा शब्द एकदाच, मधल्या ओळीत आला होता. वाचता कोणाला येत होते, हे त्या दिवशी मला कळले, आणि दोघांच्या श्रेणी माझ्या अक्षरात नोंदवहीत तशाच होत्या.

म्हणून शाळा कशी आहे हे पाहायचे असेल, तर मुलांकडून वाचून घ्यावे, आणि तेही न पाहिलेले. ‘असर’ या नावाने 2005 पासून निघणारा जो सर्वेक्षण अहवाल आहे, त्याचे साधन इतके साधे आहे की कोणत्याही गावाला ते वापरता येईल: अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला त्यातले काय वाचता येते, एवढेच पाहायचे. ही तपासणी शाळेत न करता मुलाच्या घरी केली जाते, कारण शाळेत त्या दिवशी गैरहजर असणारी मुलेच बहुधा मागे पडलेली असतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असे लक्ष्य धरले आहे. हा आकडा डोळ्यांपुढे असू द्यावा, पण घड्याळ लावून मुलाला घाबरवू नये. आपल्या मराठीत एकाच शब्दाला चार-चार प्रत्यय लागतात आणि ‘शेजाऱ्यांच्यासुद्धा’ हा एक शब्द वाचायला लहान मुलाला दम घ्यावा लागतो. वाचून झाल्यावर तीन प्रश्न विचारावेत. एकाचे उत्तर उताऱ्यात सरळ असावे, दुसऱ्याचे ‘का’ म्हणून शोधावे लागावे आणि तिसरे मुलाच्या स्वतःच्या अनुभवातले असावे. मूल कोणत्या बोलीत उत्तर देते याला येथे महत्त्व नाही.

गणितासाठी एकच हिशेब पुरतो: 52 वजा 27. दुसरी-तिसरीच्या मुलांच्या वह्या उघडल्या की 35 हे उत्तर अनेकदा सापडते. मूल चुकले आहे, पण वेंधळेपणाने नाही. दोनातून सात जात नाहीत हे पाहून त्याने सातातून दोन वजा केले आणि पाच लिहिले, मग पाचातून दोन गेले तीन. त्याचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो चुकीचा आहे. आता त्या उत्तराखाली काय आहे ते पाहावे. काही वह्यांत त्याच्यावर बरोबरची खूण असते, म्हणजे वही तपासलीच गेलेली नाही. काहींत लाल फुली आणि शेजारी 25 असे बरोबर उत्तर असते, म्हणजे वही तपासली गेली, पण मुलाला काही कळलेले नाही, कारण पुढच्या पानावर 63 वजा 38 चे उत्तर पुन्हा 35 आलेले दिसते. फार थोड्या वर्गांत खिडकीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले असतात. शिक्षक मुलाला पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देतो, त्यातून सात काढायला सांगतो, आणि मूल थोडा वेळ हातातल्या दोन काड्यांकडे पाहून मग एका गठ्ठ्याची सुतळी सोडते. हातचा घेणे म्हणजे काय, हे त्या सुटलेल्या सुतळीत असते. ज्या शाळेत अशा सुट्या सुतळ्या जमिनीवर पडलेल्या दिसतात, तिथे मुलाला घालायला मी बिनदिक्कत सांगते.

आता अशा चाचण्यांचे आकडे एकत्र केले, तर ते कसे वाचायचे? दोन सापळे आहेत. पहिला सरासरीचा. आपल्या भागात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याला, एका वर्गात आठ मुले असणे नवलाचे नाही. आठांतील एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. एका कुटुंबाने गाव सोडले आणि त्यांचे हुशार मूल गेले की शाळेचा आलेख घसरतो, शिक्षक तेच, शिकवणे तेच. लहान शाळेचे एका वर्षाचे टक्के पाहून निर्णय करणे म्हणूनच चुकीचे ठरते. तीन वर्षांच्या मुलांची मोजदाद एकत्र केली तर कुठे काही अंदाज येतो. सरासरीत आणखी एक गोष्ट दडते: वर्गातील पहिली पाच मुले उत्तम आणि शेवटची पाच पूर्ण कोरी असली तरी सरासरी मध्यम येते, आणि सगळीच मध्यम असली तरीही तीच येते. या दोन वर्गांना लागणारे उपाय अगदी वेगळे आहेत.

दुसरा सापळा सुरुवातीचा. समजा, एका शाळेत तिसरीअखेर शंभरातील ऐंशी मुले गोष्ट वाचतात आणि दुसऱ्या एका शाळेत पंचावन्न. पहिली शाळा चांगली, असे कोणीही म्हणेल. पण पहिल्या शाळेत येणारी मुले दोन वर्षे बालवर्गात जाऊन, घरी आईने अक्षरे गिरवून घेतल्यावर आलेली असतील आणि त्यांतली सत्तर पहिलीतच वाचू लागली असतील, तर शाळेने घातलेली भर दहाची. दुसऱ्या शाळेत पहिलीत एकही मूल वाचत नव्हते, घरात पुस्तक नाही, आईवडील केळीच्या बागेत कामाला. तिथे पंचावन्न ही सगळी शाळेची कमाई आहे. शाळेचे काम म्हणजे मूल जिथून निघाले तिथपासून ते जिथे पोचले तिथपर्यंतचे अंतर. जी शाळा प्रवेशाच्या वेळी मुलाची चाचणी आणि आईवडिलांची मुलाखत घेऊन निवडक मुलेच घेते, तिच्या निकालातून हे अंतर कधीच कळत नाही. शिवाय अशी चाळणी लावणे हा शिक्षण हक्क कायद्याच्या तेराव्या कलमाचा भंग आहे; पहिल्या वेळेस पंचवीस हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळेस पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे.

वेळेचा हिशेब मात्र सगळ्या शाळांना सारखाच लावता येतो. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवले आहे, म्हणजे रोजचे चार तास. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार. बत्तीस मुलांच्या चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात, आणि शिक्षक तिसरीला भागाकार शिकवत असताना चौथी काय करते, हा त्या शाळेचा खरा कस असतो. चौथीची मुले फळ्यावरचे उतरवून घेत बसलेली असतील तर त्यांचा निम्मा दिवस वाया जातो. ती जोडीने वाचत असतील, कार्डांवरची उदाहरणे सोडवत असतील किंवा तिसरीच्या एखाद्या मुलाला समजावत असतील, तर तीच द्विशिक्षकी शाळा मोठ्या शाळेपेक्षा उजवी ठरते. बहुवर्ग अध्यापन हे एक कौशल्य आहे आणि ते येणारे शिक्षक आपल्याकडे आहेत. त्यांना मतदारयादीच्या कामाला बोलावले जाते तेव्हा उरलेल्या एका शिक्षकाकडे चारही वर्ग येतात, हेही शाळेला दोष देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

खान्देशात शाळेची उपस्थिती पाहायची तर जुलैत पाहू नये. ती दसरा-दिवाळीच्या पुढे, कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत पाहावी, आणि शक्यतो गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी. वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून पाचवीतला मुलगा शेतात जातो आणि त्याची आईही गेली म्हणून तिसरीतली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. दिवाळीनंतर साक्री, नवापूर, अक्राणीकडील कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. चांगली शाळा या दिवसांत हजेरीपत्रकावर लाल शेरे मारून थांबत नाही. शिक्षक कोणत्या घरी गेले होते, कोणाचे मूल आजीजवळ ठेवून घेतले, जे गेले त्याला तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले का, आणि फाल्गुनात परत आल्यावर त्याचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढला, हे विचारावे. पट आणि प्रत्यक्ष हजर मुले यांत किती अंतर आहे हे मध्यान्ह भोजनाच्या पंगतीत मोजता येते. त्या जेवणाचेही एक माप आहे: प्राथमिक वर्गाच्या मुलाला शंभर ग्रॅम धान्य आणि त्यातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. ताटातली डाळ किती पातळ आहे हे पाहायला कोणत्याही पदवीची गरज नाही.

आता दुसरा प्रश्न: शाळा चांगली आहे असे ठरले, पण ती या मुलाला योग्य आहे का?

आपल्या मुलखात हा प्रश्न प्रथम भाषेचा आहे. घरी अहिराणी, लेवा गणबोली, तावडी, गुजरी, पावरी, भिली किंवा मावची बोलणारे सहा वर्षांचे मूल पहिल्या दिवशी शाळेत येते आणि त्याच्यासाठी प्रमाण मराठी हीच अर्धी परकी भाषा असते. त्याने ‘माले येस’ म्हटल्यावर त्याला ‘मला येते असे म्हण’ म्हणून खाली बसवले, तर पुढच्या वेळी त्याचा हातच वर होत नाही. धडगावच्या किंवा चोपड्याच्या वरच्या पट्ट्यातील पावरा मुलाला तर पहिले कित्येक महिने शिक्षक काय म्हणतात हेच कळत नाही आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतो. कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत हेच सांगितले आहे. याचा गावपातळीवरचा अर्थ असा की पहिली-दुसरीच्या शिक्षकाला मुलाची बोली समजली पाहिजे, तिच्यातून आलेले उत्तर त्याने स्वीकारले पाहिजे आणि तिथून मुलाला हळूहळू पुस्तकाच्या मराठीकडे आणले पाहिजे. शाळा पाहायला गेल्यावर पहिलीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटे उभे राहावे. मुले किती बोलतात, हे ऐकावे.

हेच इंग्रजी माध्यमाच्या बाबतीत अधिक कठोरपणे खरे आहे. पालकांची ओढ मला समजते. कापसाच्या भावावर जगणाऱ्या बापाला आपला मुलगा इंग्रजी बोलावा असे वाटले तर त्यात काही चूक नाही. पण त्याने हे पाहावे की त्या शाळेतील शिक्षकांना स्वतःला इंग्रजीतून समजावता येते का, की धडा इंग्रजीत वाचून घेतला जातो, अर्थ मराठीत सांगितला जातो आणि उत्तरे पाठ करवली जातात. तिसरीतल्या मुलाला इंग्रजी पुस्तकातील एक ओळ वाचायला द्यावी आणि तिचा अर्थ मराठीत विचारावा. ‘पाठ आहे, पण अर्थ सांगता येत नाही’ असे उत्तर आले, तर फी कितीही असो, मूल दोन्ही भाषांत अधांतरी आहे. मागच्या जूनपासून किती शिक्षक सोडून गेले, हाही प्रश्न खासगी शाळेत अवश्य विचारावा. लहान मुलाला एका वर्षात तीन बाई बदलून मिळाल्या, की त्याची ओळख कोणालाच राहत नाही. कायम विनाअनुदानित शाळेतील पंचवीस टक्के राखीव जागांवर मूल जात असेल, तर त्या जागांवर आधी गेलेल्या मुलांच्या पालकांना शोधून काढावे आणि पुस्तके, गणवेश, सहल यांसाठी पैसे मागितले जातात का, मुले वर्गात कुठे बसतात, हे त्यांच्याकडून ऐकावे.

अंतराविषयी थोडक्यात सांगते. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. सहा वर्षांच्या मुलाला पहाटे उठवून, कोंबलेल्या गाडीत बसवून तासभर नेणे आणि तितकाच वेळ परत आणणे, यात त्याची झोप, खेळ आणि आजीजवळचा वेळ जातो, आणि भाषा तर बहुतेक करून त्या तीन ठिकाणीच तयार होते.

मुलाला दिसण्याची, ऐकण्याची, चालण्याची किंवा समजण्याची काही अडचण असेल, तर रॅम्प आहे का एवढ्यावर थांबू नये. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येतात आणि ते गेल्यावर वर्गशिक्षक त्या मुलाबरोबर काय करतात, हे विचारावे. खेळाच्या तासाला ते मूल कुठे असते, हे स्वतः पाहावे.

आश्रमशाळेचा विचार करताना दिवसाबरोबर रात्रीचाही विचार करावा लागतो. मुलींच्या निवासात अधीक्षिका खरोखर मुक्कामाला असते का, न्हाणीघराला कडी आहे का, ताप आलेल्या मुलीला कोण आणि कशात बसवून दवाखान्यात नेते, आईवडिलांशी बोलायला फोन कधी मिळतो: हे प्रश्न विचारायला आदिवासी पालक संकोचतात, म्हणून त्यांच्याबरोबर गावातील जाणत्या माणसाने जावे. मारहाणीच्या बाबतीत तर कुठेही तडजोड नको. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी आहे, आणि ‘आमच्या पोराला चांगले बदडा, गुरुजी’ असे म्हणणाऱ्या पालकालाही हे सांगितले पाहिजे. शिक्षक वर्गात शिरताना मुलांचे चेहरे कसे होतात, यावरून हे कळते.

या सगळ्या चौकश्या एकट्या आईने करायच्या म्हटल्या तर दडपण येते. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत ती असावीच लागते, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ ठिकाणी या समितीची सभा म्हणजे घरोघर फिरवलेले सह्यांचे रजिस्टर असते. शेवटच्या सभेत काय ठरले, हे दोन सदस्य महिलांना वेगवेगळे विचारून पाहावे. दोघींनाही सांगता आले, तर ती शाळा गावाच्या हातात आहे. एका गावात समितीतल्या बायांनी मिळून दर तीन महिन्यांनी चौथीच्या प्रत्येक मुलाचे वाचन ऐकायचे ठरवले. त्यांतल्या तिघींना स्वतःला वाचता येत नव्हते. त्या मुलाशेजारी बसत आणि वाचून झाल्यावर म्हणत, आता मला सांग काय झाले. ज्याला सांगता येत नसे, त्याचे नाव दुसरी बाई लिहून घेत असे आणि ती यादी शिक्षकांकडे जात असे. शिक्षकांना आधी ते रुचले नव्हते; पुढे तेच यादीची वाट पाहू लागले.

शाळा एकदा पाहून भागत नाही. जूनमध्ये मूल दाखल केल्यावर दिवाळीची सुट्टी संपली की पुन्हा जावे, आणि मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की आणखी एकदा. दरवेळी घरी तोच एक उतारा मुलापुढे ठेवावा आणि ते ज्या शब्दांवर अडले ते शब्द तारखेसह वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावेत. विहिरीतल्या पिलाची गोष्ट सांगणाऱ्या त्या मुलीसाठी मी अशी नोंद ठेवायला लागले होते. ऑगस्टमध्ये तिचे अकरा शब्द अडले. डिसेंबरात सहा. मार्चमध्ये दोन, आणि दोन्ही जोडाक्षरांचे.